ओल्या वाळूतला कोंबडा

त्या वर्षी उन्हाने आवाज गिळले. आधी होले गप्प झाले, मग गोरखचिंचेवरचे कावळे. आणि एका दुपारी अंगणातला कोंबडा आरवता आरवता मध्येच थांबला, तेव्हा लामिसी धावत बाहेर आली. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या होत्या. जणू स्वतःचेच शरीर त्यांना सोसवत नव्हते.

लामिसी विधवा, दिराच्या आश्रयाला राहिलेली. मातीच्या गोल घरांच्या त्या घोळक्यात तिचे म्हणावे असे होते ते एक खोपटे, एक कडुनिंब आणि ही पाखरे. आईने शिकवले होते तसे तिने केले. कडुनिंबाखाली खड्डा खणून वाळू भरली आणि पाण्याने भरलेला पाझरता रांजण तिच्यात गळ्यापर्यंत पुरला. वाळू आपोआप ओली राहिली. कोंबड्या तिच्यात पोट टेकून बसल्या. वाऱ्याच्या अंगाला तिने भिजलेले गोणपाट टांगले. दाणे पहाटे, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी दाणा पोटात गेला की पोटाची चूल होते.

बुटक्या भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ फुसेइना पत्र्याच्या नव्या खुराड्यात मूठमूठ बाजरी टाकत होती.

“अगं, आत्ता नको घालूस,” लामिसी म्हणाली. “उपाशी राहू दे. खाल्लं की मरतील.”

“तुमचं आपलं काहीतरीच, ताई!” फुसेइना हसली. “अंगात ताकद नको का त्यांच्या? माझ्या कोंबड्यांच्या तोंडचा घास कशाला काढताय?”

ऊन कलले तेव्हा त्या पत्र्याखाली काहीच हलत नव्हते.

मग शेजारची खुराडी, मग त्यापलीकडची. गावभर पिसे साचू लागली, आणि त्यांना वाहून न्यायलाही वारा नव्हता. लामिसीच्या अंगणात मात्र एकही कोंबडी मेली नाही. या गोष्टीचा तिला आनंद झाला. तो आनंद किती महाग आहे हे तिला पाणवठ्यावर कळले.

“हिच्या बऱ्या मरत नाहीत,” एक जण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

“मरतील कशाला? आपल्या खाऊन जगतायत.”

“फुसेइनाला तर तोंडावर सांगितलंन म्हणे, मरतील म्हणून. दिवस मावळला नाही तोवर मेल्या!”

लामिसीने फुसेइनाकडे पाहिले. फुसेइना घागरीत पाहत होती.

दीर नेइंदो आला तो उंबऱ्याबाहेरच बसला.

“वहिनी, शुक्रवारी भूमीचा पुजारी येतोय. कोंबडा तुमच्याच अंगणातला लागेल.”

“माझा निवाडा करायला?”

“लोक ऐकत नाहीत हो. मान कापल्यावर उताणा पडला की तुम्ही निर्दोष, मिटलं सगळं.”

“आणि पालथा पडला तर?”

नेइंदो अंगठ्याने माती उकरत राहिला. “चेटकीण ठरलेल्या गावोगावच्या बायकांची एक वस्ती आहे, लांब. पोचवायला मी स्वतः येईन.”

“उपकार झाले, भाऊजी.”

सुरी फिरल्यावर जोमदार कोंबडा उसळतो, गिरकी घेतो, उताणा होतो; उन्हाने गळाठलेला पडतो तिथेच छातीवर बसतो. हे लामिसीने जन्मभर पाहिले होते. आता तिचे उरलेसुरले आयुष्य एका पाखराच्या अंगातल्या गारव्याएवढे उरले होते. तिने तांबडा कोंबडा निवडला. त्याला ओल्या वाळूत बसवले, घटकेघटकेला त्याचे पाय पाण्यात बुडवले, आपल्या वाटचे पाणी त्याच्यापुढे ठेवले. भिंतीवर डोकी उगवत होती.

“बघा, बघा, कानात सांगतेय त्याच्या!”

शुक्रवारी कोवळ्या उन्हातच नेइंदो कोंबडा घेऊन गेला. देवस्थानाच्या दगडाशी, उघड्यावर, पाय बांधून त्याला ठेवले गेले. पुजारी आणि म्हातारे झाडाखाली बसले; त्यांच्या बोलण्याला घाई नव्हती. सूर्याला होती. सावली कोंबड्यापासून हळूहळू मागे सरकत गेली. लामिसीने चोच उघडलेली पाहिली. मग पंख सैल झालेले पाहिले.

“त्याला सावलीत तरी ठेवा,” ती म्हणाली.

“का गं?” एक म्हातारा वळला. “तुला एवढी कसली काळजी? निर्दोष आहेस ना?”

कोणीतरी हसले. तिचा प्रत्येक शब्द त्या दगडावर तिच्याविरुद्ध मांडला जात होता. पाखराच्या डोळ्यांवर पांढरा पडदा अर्धा उतरला, तेव्हा पुजारी उठला, त्याचे पाय सोडले आणि सुरी फिरवली.

कोंबडा उसळला नाही. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा एका अंगावर कलला, परत आला, आणि छातीवर निजला. गर्दीतून एक लांब हुंकार गेला. लामिसीला त्यात समाधान ऐकू आले.

गाठोडे बांधायला वेळ लागला नाही. तिची पाखरे, रांजण, खड्डा, सगळे आता फुसेइनाचे होते. भर दुपारी ती निघाली तेव्हा फुसेइना कडुनिंबाखाली उभी होती, बाजरीची मूठ आवळून. कोंबड्या ओल्या वाळूत निवांत होत्या.

“ताई,” मान वर न करता, ओठ न हलवता फुसेइना पुटपुटली, “घालू का?”

लामिसी थांबली. या कोंबड्या मेल्या तर त्या फक्त कोंबड्या मेल्या असे होईल. आणि जगल्या तर? गावात दुसऱ्या कोणाच्याच जगल्या नाहीत; पुढचे बोट फुसेइनाकडे वळेल. तिने फुसेइनाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो हिशेब तिथेही पोचलेला होता.

लामिसीने गाठोडे डोक्यावर घेतले. बाहेर नेइंदो खाकरला.

भिंतीवर एक डोके उगवले. मग दुसरे. फुसेइनाने त्यांच्याकडे पाहिले, आणि उन्हात, शक्य तितक्या लांब, बाजरी भिरकावली.

कोंबड्या ओल्या वाळूतून उठल्या आणि धावत सुटल्या.