तोंडाला फडकं बांधलेला माणूस

“तोंडले फडकं बांधेल व्हतं,” भटूनं पेपरातून मान वर काढून सांगितलं. “खांदावर पोतडी. अन् एक नही, दोन जण. टाकीवर चढनात, पोतडी रिकामी करी, अन् गुपचूप उतरी ग्यात.”

चहाच्या लारीभोवतीची माणसं जवळ सरकली. पाण्याच्या टाकीत विष कालवल्याची बातमी होती. श्रीपतही सरकला.

भटू कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, रात्रपाळी करायचा. सुरतेतल्या लिंबायतच्या वाटेवरच्या त्या खानदेशी वस्तीत गुजराती सरळ वाचता येणारा तो जवळपास एकटाच. रोज संध्याकाळी ‘नगरघोष’ आला की तो गुजरातीत वाचायचा आणि लोकांना अहिराणीत सांगायचा. वस्तीत दुसरा पेपर येत नव्हता. दुसरा पेपर म्हणजे नगरपालिकेत सत्तेवर असलेल्यांचा. तो घेणं म्हणजे त्यांच्यात गेल्यासारखं. मागच्या निवडणुकीत वस्तीनं त्यांना मतं दिली नव्हती.

“कसाले टाकतीन इख?” म्हाताऱ्या धुरपदाबाईनं विचारलं.

“मत दिधं नही म्हनीसन! वस्ती उठाडानी शे त्यासले. हाई देख, छापेल शे.”

ती टाकी श्रीपतची होती. म्हणजे नगरपालिकेची, पण वॉल्व्हची लांब दांड्याची चावी त्याच्या खांद्यावर असायची आणि तो चावी फिरवायचा तेव्हाच वस्तीच्या नळाला पाणी यायचं. भुसावळकडचं गाव सोडून तो सुरतेला आला तो याच कामावर.

“कवाची गोष्ट हाय ही?” त्यानं विचारलं.

“सोमवारनी. उजाडाना पहिले.”

सोमवारी उजाडायच्या आधी श्रीपत तिथंच होता. त्याला कुणी दिसलं नव्हतं. मग ते कुठं होते? टाकीच्या पलीकडच्या अंगाला दबा धरून? आपण खोकत असताना ते तिथून आपल्याकडं पाहत होते?

“अन् पेपरवालासले कोनी सांगं, म्हाईत शे का?” भटूनं छातीवर बोट ठेवलं. “मी! पाळी सुटनी, घर ई ऱ्हायंतू, मन्हा डोयाघाई देखं. काळं काळं, शिडीवर चढी ऱ्हायंता.”

“दोघं व्हते?” श्रीपतनं विचारलं.

भटू क्षणभर घुटमळला. “माले तं एकच दिसना. पन छापेल शे दोन. अंधारामा मन्हाच डोया चुकना व्हई.”

श्रीपत घराकडं निघाला. उन्हाळा मी म्हणत होता. तापीचं पाणी आटून हिरवट झालं होतं. घाम पुसायला त्यानं खांद्यावरचं फडकं तोंडाशी नेलं. ब्लीचिंग पावडरचा उग्र वास नाकात शिरला आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

नदीचं पाणी उतरलं म्हणून नगरपालिकेच्या साहेबानं पावडर वाढवायला सांगितलं होतं. पूर्वी खालच्या हौदात चिमूट-मूठ टाकली की भागायचं. आता बादली आणि पोतडी घेऊन शिडीनं वर चढावं लागे. पावडर घशात जाते म्हणून तोंडाला फडकं. पाणी सोडायच्या आधी ती नीट मिसळावी म्हणून उजाडायच्या आधी.

भटूनं पाहिलेला माणूस तोच होता.

घरी येऊन त्यानं बायकोला, रंभाबाईला सांगितलं. ती आधी हसलीच. “मंग सांगून टाका ना! म्हना, बाबांनो, मी होतो, औषध टाकत होतो.”

“आन् त्यांनी इचारलं, संगं दुसरा कोन व्हता, तर?”

“कोनी नव्हतंच ना?”

“छापलंय तसं.”

रंभाबाईचं हसू विरलं. पलीकडच्या खाटेवर त्यांची पोर शकू झोपली होती. रंभाबाई हळूच म्हणाली, “नका सांगू. पैलेच आपल्याले नळाजवळ उभं राहू देताना त्यांच्या जिवावर येते.”

ते खरं होतं. वस्तीत बौद्धांची घरं थोडी, त्यांतलं एक श्रीपतचं. पाणी सोडणारा तोच. पण रंभाबाईची कळशी भरून झाली की धुरपदाबाई नळाची तोटी खळखळून धुऊन मगच आपली घागर लावायची. या गोष्टीवर कुणी कधी भांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाशी माणसं भांडी घेऊन नव्हे, काठ्या घेऊन उभी होती. कुणाचं पोट रात्रीपासून दुखत होतं, कुणाच्या जिभेवर कडू चव रेंगाळत होती. पेपर वाचला जाईपर्यंत यांतलं कुणाला काही होत नव्हतं. पण दुखणं खोटं नव्हतं. माणसं खरोखर पोट धरून उभी होती.

“वालमन,” धुरपदाबाई पुढं आली, “चावी तुनापाशी ऱ्हास. तुले म्हाईत नही, अशी कशी व्हई?”

“माय, पानी चांगलं हाय.”

“चांगलं शे तं पी.”

श्रीपतनं चावी फिरवली, नळाखाली ओंजळ धरली. काठ्यांकडं न पाहता तो प्यायला. पाणी रोजच्यासारखंच होतं, आणि तरीही घशातून उतरताना ते कडवट लागलं. आपणच कालवलेलं पाणी, आपल्यालाच कडू. त्या चवीची त्याला काठ्यांहून जास्त भीती वाटली.

लोक त्याच्या तोंडाकडं पाहत थांबले. तो पडला नाही.

“आज सोमवार नही,” मागून कुणीतरी म्हणालं. “पेपरमा उनं म्हनीसन आज टाकं नही त्यासनी.”

शेवटी धुरपदाबाईनंच तोड काढली. “रोज तू पहिले पी. तू मरना नही का मंग आम्ही भरसूत.”

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि तसं ठरलं. ज्या नळाची तोटी त्याच्या घरच्या कळशीनंतर धुतली जायची, त्या नळाचं पाणी आता त्याच्या उष्ट्या ओंजळीनंतरच घरोघर जाऊ लागलं. श्रीपतला यात हसावं की रडावं कळेना. रात्रपाळी सुटलेली पोरं टाकीपाशी पाळतीला बसू लागली. हातात लूमचे लोखंडी गज.

श्रीपतनं पावडर टाकणं थांबवलं.

थांबवलं म्हणजे त्यानं तसं ठरवलं नाही. पहिल्या दिवशी तो पोतडीपर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पोतडीपर्यंतही गेला नाही. पाण्याचा वास गेला. लोक म्हणाले, “देखं? इख बंद व्हयनं. पेपरनी वाचाडं आपुनले.” भटूला आता चहाचे पैसे द्यावे लागत नव्हते.

आठवडा उलटला आणि पाळतीवरच्याच एका पोराला उलट्या सुरू झाल्या. मग कोपऱ्यावरच्या दोन घरांत जुलाब. मग धुरपदाबाईची सून. ‘नगरघोष’नं मोठ्या अक्षरांत छापलं: आम्ही सांगितलं ते खरं झालं.

श्रीपत साहेबाच्या कचेरीत गेला. साहेबाच्या टेबलावर दुसरा पेपर होता.

“साहेब, वस्तीत हगवन लागली. डाक्टर पाठवा. आन् एक नोटीस लावा की टाकीत औषध टाकतात, म्हनून.”

“शुं वात करे छे, श्रीपत?” साहेबानं पेपर त्याच्याकडं वळवून छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “बधुं नाटक छे. विरोधवाळानी चाल. आमां चोख्खुं लख्युं छे.”

“साहेब, माणसं उलट्या करून ऱ्हायली.”

साहेबानं पेपर पुन्हा चाळला, मागचं पानही पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. खरोखर हगवणीची बातमी शोधत होता. “पेपरमां तो नथी आव्युं,” तो म्हणाला.

पावडर बंद आहे हे सांगायला श्रीपतनं तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी डोळ्यांपुढं आली.

घरी पोचला तेव्हा शकू खाटेवर आडवी पडली होती. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. रंभाबाई साखर-मिठाचं पाणी चमच्यानं घालत होती.

“हे पानी कोनतं?”

“उकळलं मी.” तिनं वर पाहिलं नाही. “तुम्ही पावडर टाकत नाही, माहीत हाय मले. तुमच्या फडक्याला वास येत नाही आता.”

श्रीपत तिथंच खाली बसला.

सकाळी तो उजाडायची वाट पाहत थांबला. ऊन टाकीच्या पायाशी आलं, नळाशी रांग लागली, पाळतीची पोरं जांभया देत उठली, तेव्हा तो पोतडी खांद्यावर घेऊन सगळ्यांमधून चालत आला. हातात बादली. तोंडाला फडकं नव्हतं. मागून शकूला कडेवर घेऊन रंभाबाई. दुसऱ्या हातात कळशी.

एक गज वर उठला.

“तो मानूस मीच हाय,” श्रीपत म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. “सोमवारी मीच होतो. ही औषधाची पावडर हाय. ही बंद केली म्हनून पोरं आजारी पडली. मारायचं तर उतरल्यावर मारा.”

तो शिडी चढू लागला. रंभाबाईनं शकूला खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. लोखंडी शिडी धरायची काही गरज नव्हती. वर त्यानं पावडर कालवली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, खोकल्यानं तो दुमडला, पण तोंड त्यानं झाकलं नाही. खालच्या माणसांना त्याचा चेहरा दिसायला हवा होता.

पावडर पाण्यात मिसळेपर्यंत तो वरच बसून राहिला. खाली कुणी हललं नाही, कुणी घरी गेलं नाही. मग तो उतरला. चावी फिरवली. पाण्याला पूर्वीचा वास आला. त्यानं ओंजळ धरली आणि प्यायला.

रंभाबाईनं आपली कळशी नळाखाली ठेवली. तिच्या मागं धुरपदाबाई होती. तिनं तोटी धुवायला हात पुढं केला नाही. पण घागरही पुढं सरकवली नाही.

तेवढ्यात भटू गर्दीतून पुढं आला. चेहरा पांढराफटक. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. पोरांच्या डोळ्यांत असते तशी निव्वळ भीती होती.

“श्रीपतभाऊ,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “मंग तुनासंगे दुसरा कोन व्हता?”

कळशीत पाणी पडत होतं. एकेक करून साऱ्यांच्या माना टाकीकडं वळल्या, आणि त्यांच्याबरोबर, स्वतःच्याही नकळत, श्रीपतनं वर पाहिलं.