अकरा विडे

मितेशने झेरॉक्सच्या यंत्रातून कागद काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "शिवदासभाई, आधा पन्ना खाली जा रहा है. और कुछ लिख दो ना."

"जितना है, उतना ही है. बीस कॉपी निकालो," शिवदास म्हणाला.

केबिन रोडवरच्या या दुकानात शिवदास गेली कित्येक वर्षं येत होता. कवितांच्या प्रती काढायला, स्पर्धांना पाठवायला आणि खरं सांगायचं तर कुणाला तरी नवी कविता वाचून दाखवायला. मितेशला मराठी कविता कळत नसे, पण तो मान हलवायचा, आणि एवढी कदर साहित्य मंडळाच्या बैठकीतही होत नसे. पाणी खात्यातली कारकुनी संपल्यापासून शिवदासचा नेम ठरलेला होता. पहाटे पाचला बाल्कनीत बसायचं, एक कविता पुरी करायची आणि मगच चहा घ्यायचा. पानावर अर्धवट ओळ त्याला खपत नसे. कविता सुवाच्य अक्षरात उतरवून झाली की कच्चं लिखाण तो लगेच रद्दीत टाकी. राई गावात त्याला सगळे 'कवी' म्हणत. कौतुकाने की चेष्टेने, हे त्याने कधी विचारलं नाही.

आजचा कागद मात्र त्याच्या आईच्या धवल्याचा, लग्नविधीत गायच्या गाण्याचा होता.

शेवंतीबाय राईची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान; तिने गायल्याशिवाय उखळात मुसळ पडत नाही, घाणा भरत नाही. अक्षरशत्रू बाई, पण पन्नास वर्षं तिने आसपासच्या गावांतल्या पोरी गाऊन सासरी पाठवल्या. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता नातीचं, हेमांगीचं लग्न होतं. हेमांगीने एकच हट्ट धरला होता, घाणा आजीच्याच धवल्यावर भरायचा.

"टेन्शन नको घेऊ," शिवदासने छातीठोकपणे सांगितलं होतं. "माझ्या पुस्तकान हाय तो."

आणि होताच. सत्तावीस वर्षांपूर्वी छापलेल्या त्याच्या एकुलत्या एका संग्रहात, शेवटच्या पानावर.

जिथे पूर्वी शिवदासचं घर होतं तिथे आता चार मजल्यांची बिल्डिंग होती. तिच्या पार्किंगमध्येच मांडव घातला होता. सकाळी नऊला उखळ मांडलं, मुसळांना आंब्याची पानं बांधली, पाच सवाष्णी उभ्या राहिल्या. शेवंतीबायला खुर्चीवर आणून समोर बसवलं. चाळीस वर्षं तिचा धवला झेलणाऱ्या, म्हणजे तिच्या मागून ओळ उचलणाऱ्या विमलाबाई शेजारी बसल्या. शिवदासने प्रती वाटल्या. त्याची बायको मंजुळा विड्यांचं तबक घेऊन आली. ते पाहून त्याने विचारलं, "एवढे कशाला?"

"सासूबाईंच्या धवल्याला अकरा लागतात," ती म्हणाली. "नेहमीच लागायचे."

शिवदासने हातात उरलेली प्रत पुन्हा वाचली.

तोवर बायकांनी कागद पाहून सूर धरला होता. "पयला मान गो कोना देऊ, पयला मान सोनखाराला." विमलाबाईंनी कागदाकडे न बघताच झेललं, "येऊ दे गो येऊ दे, मांडवान येऊ दे." मुसळ पडलं. मंजुळाने मांडवाच्या कडेला पाटावर एक विडा ठेवला. मग कागदावर शिवदासच्या स्वतःच्या चार ओळी आल्या, मिठाच्या आणि लेकीच्या. वृत्तात चोख होत्या, पण त्यांवर मुसळ काही पडेना. विमलाबाईंना झेलायला जागाच सापडेना. कशाबशा त्या संपल्या, आणि पाचही सवाष्णी मुसळं धरून तशाच उभ्या राहिल्या.

"बाबा, पुढचं?" हेमांगीने विचारलं.

पुढचं शिवदासनेच काढून टाकलं होतं. हा धवला म्हणजे गावच्या मिठागरांना लग्नाचं आवतण. वडीलधाऱ्यांना बोलवावं तसं एकेका आगराचं नाव घ्यायचं, त्याचा मान म्हणून विडा ठेवायचा, मग पुढचं नाव. अकरा नावं. शिवदासने ती सगळी आईकडून उतरवून घेतली होती. मग मंडळातले एक जाणते म्हणाले की नावांची यादी म्हणजे काही कविता नव्हे, आणि त्याला ते पटलं. त्याने एक नाव ठेवलं, दहा गाळली, वर चार ओळी आपल्या पदरच्या घातल्या. कच्ची वही सवयीने रद्दीत गेली. पुस्तक छापून आल्यावर त्याने आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बरा हाय. पन बाकीच्यांना का न्हाय बोलावला?"

"बाय, पुस्तक हाय ते, लग्नाची पत्रिका न्हाय," तो हसला होता. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता त्याने विमलाबाईंकडे पाहिलं. नाव शेवंतीबाय घ्यायची, आपण फक्त 'येऊ दे' म्हणायचं, असं त्या म्हणाल्या. ज्यांनी त्या आगरांत मीठ ओढलं ते पुरुष केव्हाच गेले होते, आणि आगरांवर कुठे चिखल होता, कुठे इमारती. मोबाइलवर एखादं गाणं लावू या, असं कोणीतरी सुचवलं. हेमांगीचे डोळे भरून आले.

शिवदास आईच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. "बाय, माझी चूक झाली," तो हळूच म्हणाला. "एवढी नावं सांग."

शेवंतीबायचं तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि तोंड मिटून घेतलं. मग तिने डावा हात उचलला आणि शिवदासच्या खांद्यावर बोटांनी ठेका धरला. एका ओळीएवढा. आणि थांबून विमलाबाईंकडे पाहिलं.

विमलाबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी सूर लावला, "येऊ दे गो येऊ दे, मांडवान येऊ दे."

मुसळ पडलं. मंजुळाने दुसरा विडा ठेवला. पुन्हा बोटं चालली, कधी लांब, कधी आखूड, कारण प्रत्येक नाव निराळं होतं. शिवदासला खांद्यावर नाव कळत होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. एकेकदा वाटे की आता ओठावर येईल, येत नव्हतं. दहा वेळा ती थांबली, दहा वेळा बायकांनी झेललं. घाणा भरला. शेवंतीबायचा हात खाली आला आणि ती मांडवाच्या वाटेकडे बघत राहिली.

मानाचा विडा मानकऱ्याने उचलायचा असतो. दुपारी जेवणं झाली, माणसं पांगली, तरी विडे पाटावर तसेच होते. पानांच्या कडा सुकून वळल्या होत्या. केटररचा माणूस झाडू घेऊन आला आणि वाकून म्हणाला, "अंकल, ये उठा लूँ?"

"रहने दो," शिवदास म्हणाला. "मेहमान आने बाकी हैं."

त्याने एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि पाटाशेजारी बसून राहिला.