बेवारस ढिगाची माती

आमच्या गावात मातीच्या धाब्याची घरं आता सातच उरली. बाकीच्यांनी स्लॅब टाकले आणि उन्हाळ्यात शिजतात. या सात घरांवर दर वैशाखात पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो. माती आणायची नदीपलीकडच्या उजाड जुन्या गावातून, तीही आपापल्या वाडवडलांच्या पडक्या घराच्या ढिगातूनच. दुसऱ्याच्या ढिगाला कोणी फावडं लावत नाही.

समोरच्या जीवरामनानांचा ढीग यंदा संपला. नाना काटकसरी, देवळातली घंटासुद्धा हळू वाजवतात. टोकाच्या बेवारस ढिगातून त्यांनी दोन ट्रॉल्या आणून धाब्यावर पसरल्या.

"नाना, ढीग कोणाचा?" मी विचारलं.

"कोणाचाच नाही, म्हणून तर आणला भो. तुह्या काहून पोटात दुखून राह्यलं?"

चौथ्या दिवशी भर दुपारी नानांची सून नूतन आठ महिन्यांच्या पोरासकट मधल्या खोलीत अडकली. दाराला बाहेरून कडी. तिचा नवरा हेमराज केळीच्या बागेत, नाना पारावर, आणि नानांच्या नव्वदीच्या आई, बेबाबाई, माझ्या ओट्यावर. हाका ऐकून मीच कडी काढली.

"दार फुगलं असेल," नाना म्हणाले.

लाकूड पावसात फुगतं, वैशाखात नाही. आणि फुगलेलं दार आपली कडी आपण लावून घेत नाही. पण नानांना आपल्या चुकीची खबर दुसऱ्याकडून आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नूतन बाहेर आली ती पांढरीफटक.

"आत मी एकटी नव्हती," ती म्हणाली. "कोणीतरी सारखं म्हणत होतं, पोर तेवढं खिडकीतून बाहेर घ्या. त्या खोलीला खिडकीच नाही."

कडी लागू शकते त्या घरात पोर आणणार नाही, असं सांगून ती मुक्ताईनगरला माहेरी गेली.

नवी माती काढून टाकायला नाना फावडं घेऊन धाब्यावर चढले. खालून बेबाबाई म्हणाल्या, "राहू दे रे जीवराम. बेवारस नाही तो ढीग. आपलाच हाये."

प्लेगच्या साली गाव शेतांत झोपड्या बांधून राहायला निघालं, तेव्हा नानांच्या पणज्याच्या धाकट्या भावाच्या घरात गाठी निघाल्या होत्या. पणज्यानं त्या घराला बाहेरून कडी लावली. आत पाच माणसं, एक तान्हं. गाव तिथं परत राहायला गेलंच नाही. बेबाबाईंना हे त्यांच्या सासूनं एकदाच सांगितलं होतं. इतकं विसरायचं तर एकट्यादुकट्याला जमत नाही, अख्खं गाव लागतं.

"आता माती नेऊन टाकशील," बेबाबाई म्हणाल्या, "तर त्यांना दुसऱ्यांदा सोडून येशील."

नाना खाली उतरले. सुतार बोलावून घरातली सगळी दारं काढायला लावली.

"संडासाचं?" सुतारानं विचारलं.

नानांनी विचार केला. "तेही काढ. पडदा लाव."

आठवड्यानं नूतन आली. पोर खांद्यावर घेऊन उंबऱ्यापाशी थांबली आणि एका बाजूला सरली, आतून माणसं बाहेर येत असली की सरतात तशी. बेबाबाईंनी पदर डोक्यावर ओढून मान खाली घातली. बराच वेळ गेला. मग नूतन आत गेली.