दशांश चिन्हाच्या पुढचं

माझ्या भावाला, मधूदादाला, द्वारकावहिनीने आपलं एक मूत्रपिंड दिलं. तेव्हा अर्धं कर्जत तिला भेटायला येऊन गेलं. जो तो तिच्यापुढे हात जोडायचा आणि वहिनी वैतागायची. "गोदा, हे लोक मला जिवंतपणीच भिंतीवर टांगणार," असं ती मला म्हणाली होती. माझं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत आहे, त्यामुळे त्या घरातलं बरंवाईट मला न सांगताही कळतं. निदान माझी तशी समजूत होती.

ऑपरेशन चांगलं झालं, पण अशा माणसाला पुढे जन्मभर एका आकड्यावर नजर ठेवावी लागते. क्रिएटिनिन. मूत्रपिंड ठीक असेल तर रक्तातला हा आकडा एकच्या आसपास राहतो. तो वर सरकायला लागला, की शरीर त्या परक्या अवयवाशी भांडायला लागलं असेल अशी शंका घ्यायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. दर महिन्याला कडावची, लॅबमध्ये काम करणारी सोनाली घरी येऊन दादाचं रक्त घेऊन जायची. ती दादाची जुनी विद्यार्थिनी. दादाने उभं आयुष्य शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे तालुक्यात कुठेही गेलं तरी त्याचा मार खाल्लेलं कुणीतरी भेटतंच. संध्याकाळी रिपोर्ट दादाच्या फोनवर यायचा.

पुण्याला असलेली माझी भाची सानवी वेबसाइटवरचे आलेख बनवते. बोट ठेवलं की आकडा दाखवणारे, ओढलं की मागचे महिने उलगडणारे. तेच तिचं पोटापाण्याचं काम. बाबांसाठी तिने एक पान बनवून दिलं. रक्तदाब, वजन, दिवसभरात प्यायलेलं पाणी आणि क्रिएटिनिन, सगळं एकाच आलेखात. दादाने आकडे भरायचे आणि ते तिघांनी आपापल्या फोनवर पाहायचे. फोनच्या लहान पडद्यावर दशांशांची गर्दी होत होती, म्हणून सानवीने सगळ्याच आकड्यांना एक नियम लावला. दशांश दिसणार नाहीत, जवळचा पूर्णांक दिसेल. पाण्याच्या मिलिलिटरना आणि वजनाला त्याने काहीच बिघडत नव्हतं. क्रिएटिनिनच्या जागी 'एक' दिसायचं. शिवाय पाण्याचे आकडे हजारांत, त्यामुळे त्या उंच आलेखात क्रिएटिनिनची रेघ अगदी तळाशी, जमिनीला चिकटून सरळ जायची.

वहिनीला ती सरळ रेघ फार आवडायची. रिपोर्टच्या दिवशी ती पान उघडायची, त्या रेघेवर बोट ठेवायची आणि "एक" असं मोठ्याने म्हणायची. मग आम्हा सगळ्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायची. मीही असायची. मी चेष्टेने म्हणायची, "वहिनी, एवढ्या साखरेने आता मलाच डायबेटिस होईल." ती हसायची आणि पोटाच्या डाव्या बाजूला, जिथे टाके होते तिथे, नकळत हात ठेवायची.

गेल्या पावसाळ्यानंतर दादा जरा गप्प झाला. मूळचाच तो काही बडबड्या नाही, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. दर तीन महिन्यांनी पनवेलच्या पुढे मोठ्या डॉक्टरांकडे जायचं असायचं, ते त्याने पुढे ढकललं. चौकजवळ रस्त्याचं काम चाललंय, गाडीत हाडं खिळखिळी होतात, पुढच्या महिन्यात जाऊ. वहिनीलाही ते पटलं. आलेखात 'एक' होतं, रेघ सरळ होती, मग घाई कशाला?

एके दिवशी दुपारी दादा माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला. "तुझ्या फोनवरून सानवीला फोन लावतो, माझ्या फोनची बॅटरी गेलीय," म्हणाला. त्याच्या खिशातल्या फोनवर तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज वाजला. मी माझा फोन त्याला दिला. फोनचा आवाज मोठा होता, सानवीचं सगळं मला ऐकू येत होतं.

आधी इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो मुद्द्यावर आला. आवाज अगदी वर्गातला.

"सानवी, तुझ्या त्या आलेखात दशांश जवळच्या पूर्णांकात जातात ना? म्हणजे दीड आला की तो दोन दाखवणार. त्याऐवजी दशांश चिन्हाच्या पुढचं नुसतं कापून टाकता येईल का? मागचा पूर्णांक तेवढा ठेवायचा."

"येईल की बाबा. एका शब्दाचा बदल आहे. पण कशाला?"

"असंच. नीटनेटकं दिसतं."

  

"बाबा," ती म्हणाली, "किती आलाय?"

 दादाने फोन माझ्या हातात दिला आणि तो खुर्चीत बसून राहिला. हा माणूस पूर्णांकात चूक केली म्हणून पोरांना उठाबशा काढायला लावायचा आणि आज हाच तो नियम वाकवायला निघाला होता. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच क्षणी त्याची इतकी दया आली, की मी उठून नुसतीच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग हळूहळू त्याने सांगितलं. आकडा काही महिने थोडा थोडा चढत होता. एक पॉइंट दोन, तीन, मग चार. तोवर आलेख 'एक'च दाखवत होता आणि वहिनी साखर वाटत होती. आदल्या संध्याकाळी आलेल्या रिपोर्टमध्ये एक पॉइंट सात होता. तो त्याने अजून आलेखात भरला नव्हता. भरला असता तर वहिनीला 'दोन' दिसलं असतं.

"तिने पोट फाडून दिलंय, गोदा," तो म्हणाला. "तिला कसं सांगू, की ते माझ्यात टिकत नाहीये?"

सानवी त्याच संध्याकाळी निघून आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दादाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला दाखल करून घेतलं, मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. शरीर त्या अवयवाशी भांडतच होतं. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर चिडले नाहीत, ते मला जास्त लागलं. सुरुवातीलाच आला असतात तर बहुतेक सगळं वाचलं असतं, आता काही भाग गेला तो गेलाच, एवढंच म्हणाले. सोनाली भेटायला आली, तेव्हा जिन्यात माझा हात धरून रडली. "मी सरांना सांगितलं व्हतं, आत्या. वाढतंय, डॉक्टरला दावा. ते म्हनले, हाय माझ्या ध्यानात, तू बाईंना काय बोलू नको."

वहिनीला सगळं कळलं. हॉस्पिटलात ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. डबा आणत होती, औषधांच्या वेळा सांभाळत होती, दादाचे पाय चेपत होती. असं गप्प राहणं मला जमलं नसतं. मी तिथेच भांडले असते.

दादा घरी आल्यावर सानवीने आलेख पुन्हा बांधला. या खेपेला प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट आणि वेगळी पट्टी दिली आणि क्रिएटिनिनला दोन दशांश ठेवले. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चार जातींच्या आकड्यांना एकच साचा लावायचा नाही, हे ती ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. घरच्या पानाला कोण बघायला येतंय, म्हणून तिने ते उरकून टाकलं होतं. दादाने फोनमधले जुने रिपोर्ट पाहून खरे आकडे एकेक सांगितले आणि तिने ते भरले.

आणि ती सरळ रेघ उभी राहिली. पायथ्यापासून घाट चढावा तशी, प्रत्येक महिन्याला थोडी वर.

वहिनी फोन घेऊन खिडकीपाशी बसली. ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवत होती. बोट ठेवलं की तारीख आणि आकडा वर येत होता. ती तारखा वाचत होती. हा शेजारच्या अक्षदाच्या लग्नाचा महिना, तेव्हा हे पंगतीत वाढत होते. हा संक्रांतीचा. या दिवशी मी यांच्या हातावर साखर ठेवली, यांनी ती खाल्ली. तिचा आवाज कुठेही चढला नाही. दादा समोर कॉटवर उशीला टेकून बसला होता, त्याला ते सगळं ऐकणं भाग होतं.

"तुला वाटलं असतं, तुझं दिलेलं वाया गेलं," तो शेवटी म्हणाला.

वहिनीने फोन मांडीवर ठेवला. "अहो, ते वाया जाऊ शकतं हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. मी समजून सही केली होती. तुम्ही माझ्याशी खोटं बोलाल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

सानवी उठून आत गेली. मीही जायला हवं होतं, पण मी तिथेच बसून राहिले. दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनी त्याच्याजवळ गेली नाही.

आता रिपोर्ट तिच्या फोनवर येतो. आकडा कधी एक पॉइंट नऊ असतो, कधी दोनच्या वर जातो. तो पुन्हा पूर्वीसारखा होणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. रिपोर्टच्या दिवशी दादा संध्याकाळपासून दाराशी बसून राहतो. मेसेज वाजला की तो विचारतो, "द्वारका, किती?" ती चष्मा लावते, आणि दशांश चिन्हाच्या पुढचे दोन्ही आकडे वाचून दाखवते.