तार तोडली, ताकद वाढली

मी बोलतेय, मेण वितळवायच्या शेगडीतली कॉइल. माझे वेढे बघून हसू नका. याच वेढ्यांपायी एक सख्खा भाऊ दुसऱ्याच्या जिवावर उठला होता.

माझा जन्मच मुळी ओरबाडून झाला. जाड सळई भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, आणि तार झाली की दांड्यावर करकचून पिळायची. असा मार खाल्लेली तार चिवट निघते. लालभडक झाले तरी मी वितळत नाही. एवढं ध्यानात असू द्या.

मग मी दुकानात आले. दुकानदार मोठा गप्पिष्ट. गिऱ्हाइकाच्या हातात मला देण्याआधी माझी कुंडली सांगायचा. "दोनशे तीस व्होल्टवर ही पाच अँपिअर घेते. भागलं की सेहेचाळीस ओहम, ही हिची अडवणूक. गुणलं की अकराशे पन्नास वॅट, ही हिची आग." एका बाईंनी जास्त तापणारी हवी म्हणून लांबातली लांब कॉइल मागितली. दुकानदार म्हणाला, "ताई, लांबलचक भाषणाने कोण पेटतं? आग लावतो तो मोजकं बोलणारा." बाई हसल्या. अर्थ मात्र मी गाठीला बांधला.

मला नेलं मेणबत्त्या बनवणाऱ्या दोघा भावांनी. थोरला दादा, त्याचा हात जिभेच्या आधी चालायचा. धाकट्याने कारखान्याची सगळी वायरिंग स्वतः ओढलेली. वहिनी वाती कापायची आणि दोघांच्या मध्ये उभी राहायची. तिचं खरं काम हे दुसरंच.

एकदा मेणाचं पातेलं शेगडीला चिकटलं. दादाने ते सोडवायला लोखंडी पान्याने असा दणका हाणला की पातेलं माझ्यावरच आदळलं आणि मी तुटले. नवी आणायची सोडून त्याने माझा तिसरा हिस्सा कापून काढला आणि उरलेली मला ताणून जोडली. वहिनीला म्हणाला, "तार कमी झाली, आता वीजही कमी खाईल."

अहो, मी काय पोट आहे, कमी झालं की कमी खायला? मी अरुंद गल्ली आहे. गल्ली लांब असली की गर्दी रेंगाळते. तोकडी केली की लोंढाच घुसतो.

कापलेला तुकडाही वाया गेला नाही. रागाच्या भरात दादाने कधीतरी लाथेने दाराची कडी उखडली होती. त्या कडीच्या जागी आतल्या बाजूने तो तुकडा पिळून दार बांधायची सोय झाली.

मग फ्यूज उडायला लागला. घातलेली तार जळायची, पुन्हा घालायची, पुन्हा जळायची. दादाने खापर धाकट्याच्या वायरिंगवर फोडलं. धाकट्याने वीज मोजायचा चिमट्याचा मीटर आणून वायरीला लावला. आकडा आला साडेसात अँपिअर.

"दादा, दोनशे तीसला साडेसातने भाग. तीस-एकतीस येतात. दुकानात सेहेचाळीस होते. आता गुण, सतराशेच्या वर जातंय. वायरिंग धड आहे, कॉइल तोकडी आहे."

दादाने भागलं नाही की गुणलं नाही. मीटर हिसकावून भिंतीवर फोडला आणि त्याच मुठीने धाकट्याचा ओठ फोडला. वहिनी मध्ये आली, तर तिला ढकलून दिलं. धाकटा उठला, पुन्हा खाली पडला. शेवटी दादाने त्याची मानगूट धरून त्याला बाहेर फेकलं.

"या दारातून हात जरी आत घातलास तर मनगटापासून तोडीन."

वहिनी रक्त पुसायला धाकट्यामागे बाहेर गेली. दादाने दार ओढून माझा तुकडा सगळं बळ लावून पिळला. मग फ्यूजमध्ये जाडजूड तांब्याची तार ठोकली आणि बटण दाबलं.

ती काही जळणारी नव्हती, आता मला अडवणारं कुणी नव्हतं. मी तापले, लाल झाले, लालाची नारिंगी झाले. मेण आधी धुरकटलं, मग भडकलं. दादाने घाबरून बादलीभर पाणी ओतलं. पेटत्या मेणावर पाणी! ज्वाळेने थेट छताला थप्पड मारली आणि परतताना दादाचे दोन्ही हात भाजून काढले.

बाहेर वहिनीने धावत जाऊन मेन स्विच पाडला. वीज गेली, पण मेणाला आता विजेची गरज उरली नव्हती.

दादा दाराशी पोचला. धुरात डोळे मिटलेले, एका हातात दार फोडायला उचललेला तोच पाना. दुसऱ्या हाताने तो तुकडा सोडवू पाहत होता आणि उलट्या बाजूने पिळून आणखीच आवळत होता. तेवढ्यात दाराच्या फळ्यांच्या फटीतून धाकट्याचा हात आत आला.

मनगट अगदी पान्याखाली होतं.

"दादा, पाना टाक. मी सोडवतो."

पाना फरशीवर पडलेला मी ऐकला. मग आगीने तापलेला माझा तुकडा त्या तळव्यात आला. मी सांगितलंच होतं, मी चिवट आहे. मी सहजी सुटले नाही. मांस चरचरलं, बाहेरून किंकाळी आली, पण बोटं फिरतच राहिली. दार उघडलं आणि दादा धाकट्याच्या अंगावर कोसळला.

आज मी आणि माझा तुकडा फ्यूजच्या पेटीशेजारी एकाच खिळ्याला लटकतो आहोत. शेगडीत नवी, अख्खी कॉइल आहे. धाकट्याच्या उजव्या तळव्यावर माझे वेढे उमटलेत. वायरी आता तो डाव्या हाताने जोडतो. दादाने माफी मागितल्याचं माझ्या कानावर नाही. पण नवा मीटर त्यानेच आणला, आणि रोज शेगडी लावली की तो पेटीजवळ थांबून धाकट्याला विचारतो, "भागून किती?"

"सेहेचाळीस."

"गुणून?"

"अकराशे पन्नास."

मगच दादा पेटीवरचा हात काढतो आणि मेण चढवतो.

बाबांनो, तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. मी तुटले तर फेकून द्या, पण तोकडी करून जोडू नका. तोडलेल्याचा जोर वाढतो, आणि तो कुणाच्या तळव्यावर उमटणार हे तारेच्या हातात नसतं.