फोडायची परवानगी

"साहेब, एवढी एक ओळ वाढवा की," ठेकेदार म्हणाला. "'मालकाच्या संमतीने आजच तोडफोड सुरू.' माझी माणसं बाहेर हातोडे घेऊन ताटकळलीयेत, बिचारी."

पप्पांनी चष्मा वर सरकवला. तीस वर्षं कोर्टासमोर बसून दुसऱ्यांचे करार टाइप केले, मग स्वतःच्या घराचा कसा असेल? चौदा कलमं. चाळीस दिवसांत काम पूर्ण. सगळा माल घरात आल्याशिवाय एक वीटही फोडायची नाही. उशीर झाला तर ठेकेदार बदलायचा हक्क. सगळं चोख. फक्त समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं, तेवढं त्यांना कधी जमलं नाही.

"माल उद्या येतोय," ठेकेदार म्हणाला.

पप्पांनी ओळ टाइप केली, सही केली, वर त्याला चहा पाजला. दुपारपर्यंत आमच्या संडासाच्या जागी खड्डा होता. दुसऱ्या दिवशी माल नाही, माणसंही नाहीत.

हा सगळा खटाटोप आजीसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आत्याकडे होती. उकिडवं बसता येत नव्हतं. कमोड, रुंद दार, भिंतीला धरायला दांडा, एवढं झालं की तिला घरी आणायची. पप्पांनी कराराची एक प्रत आत्यालाही पाठवली होती, तारखेखाली लाल रेघ मारून. तोवर आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या संडासात जायचो, तोंड पाडून.

बत्तिसाव्या दिवशी ठेकेदार सापडला, दुसऱ्याच एका घरात. तिथेही ताजा खड्डा.

"या, या, कलमवाले!" त्याने पप्पांच्या हातातला करार घेतला आणि गवंड्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "'सदर काम विहित मुदतीत...' काय भाषा आहे! साहेब, बायकोलाही असंच बोलता का हो?"

गवंडी खिदळले. पप्पाही हसले. मला ठेकेदारापेक्षा त्यांचाच राग आला.

"पण माल आल्याशिवाय फोडायचं नाही असं..."

"फोडलं कुणाच्या संमतीने? वाचा की. तुमचंच टायपिंग."

"मग मी दुसरा माणूस लावतो."

"लावा ना. कलम अकरा. हक्कच आहे तुमचा."

पप्पांनी तिघांना बोलावलं. तिघेही खड्ड्यात डोकावले, कुणी फोडलं विचारलं आणि टेप गुंडाळून खिशात टाकली. शेवटचा जरा बरा होता, निदान कारण तरी सांगून गेला. "दुसऱ्याने उघडलेलं काम आम्ही हातात घेत नाही, काका. उद्या गळलं की शिव्या आम्हाला."

चाळिसाव्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. आत आजी, शेजारी तिची पिशवी धरून आत्या.

"आज तारीख आहे ना, दादा?"

"अगं, एक फोन तरी करायचास."

"केले की. दर वेळी म्हणालास, होतंय, होतंय."

आत्या आत गेली. खड्डा बघून ती काठावरच थांबली. मग तिने पिशवी खाली ठेवली. "माझ्या घरी रोज एकेक दिवस मोजतात रे. मी परत नाही नेणार." आजीला उतरवून आत बसवलं आणि स्वतः रिक्षात बसत म्हणाली, "चला."

पप्पांनी खुर्चीची बैठक करवतीने कापली. खाली बादली ठेवली, भोवती चादर बांधली. आजी अशी, की तापाने फणफणली तरी न्हाणीची कडी लावायला विसरायची नाही. पप्पांनी तिला काखेत धरून बसवलं आणि मान वळवून उभे राहिले.

"थोडेच दिवस, आई."



नंतर पप्पा बादलीवर वर्तमानपत्र झाकून जिना चढले. वरून काकूंचा आवाज आला, "आता बादल्याही का?"

ते हात धुऊन आले तेव्हा आजीसमोरचं ताट तसंच होतं.

"जेव ना, आई."

"भूक नाही रे."

"निदान पाणी तरी पी."

तिने ग्लास उचलला, ओठ ओले केले आणि खाली ठेवला. "तुझं काम होऊ दे आधी."

संध्याकाळी पप्पांनी ग्लास उचलला, तर काठोकाठ भरलेला. न सांडता मोरीपर्यंत नेताना त्यांना सावकाश चालावं लागलं.