वापरणारीची चूक

कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण दवाखान्यात सगळ्या तिला टोपीच म्हणायच्या. मऊ रबराची, छोट्या वाटीएवढी. बाईने स्वतःच आत बसवायची, म्हणजे दिवस राहत नाहीत. खरंच राहत नाहीत का, हे वर्षभर तपासायचं होतं. एकशेवीस बायका, आणि त्यांना शिकवणारी मी. "सिस्टर, आम्हालाच टोपी घालत नाही ना तुम्ही?" असं दर महिन्याला कुणीतरी विचारायचीच.

वर्षात सात जणींना दिवस गेले. प्रत्येकीच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर कारणाचे दोन चौकोन होते: साधनाचा दोष आणि वापरणारीची चूक. मोठ्या डॉक्टरांनी सातही खुणा दुसऱ्या चौकोनात केल्या, चहा पिता पिता.

त्यातली एक माझी धाकटी बहीण. कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय घर न सोडणारी. वय चाळीस, मुलं कॉलेजात, बढतीची परीक्षा तोंडावर. त्या कागदाची घरी आलेली प्रत तिच्या सासूबाईंनी वाचली आणि नातेवाइकांत एकच चर्चा: "एवढी शिकलेली, पण साधी टोपी बसवता येईना." बहीण मला म्हणाली, "ताई, माझंच काही चुकलं असेल का गं?" तिने हे विचारलं, तिथेच माझं डोकं फिरलं. ज्या हाताने ती खूण केली, त्याच हाताने ती खोडायला लावायची, असं मी ठरवलं.

त्या सात जणींच्या परत आलेल्या टोप्या टाकून द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मी "हो सर" म्हणाले आणि नंबर लावून कापसाच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिल्या.

वर्ष संपल्यावर वरच्या कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. "साधन उत्तम आहे हो," डॉक्टर त्यांना सांगत होते, "बायकाच निष्काळजी." मी त्या सात टोप्यांचा ट्रे घेऊन आत गेले.

"सर, तुम्ही मला पाणी भरून तपासायला शिकवलं होतंत ना, तसं बाईंना दाखवता का?"

"आत्ता कशाला, सिस्टर?"

"दाखवा की," बाई म्हणाल्या.

पहिली टोपी डॉक्टरांनी पाणी भरून उजेडात धरली. कडेच्या जोडावर थेंब जमला आणि मनगटावरून पांढऱ्या कोटाच्या बाहीत शिरला. दुसरीही गळली. तिसरी ते लगेच खाली ठेवू लागले.

"पाचच मिनिटं धरा, सर. बायकांना सहा तास ठेवावी लागते."

बाई हसल्या नाहीत, नुसतं घड्याळ बघितलं. सहाच्या सहा गळल्या. डॉक्टरांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सातवी बहिणीची. तिच्यातून थेंबही आला नाही.

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. "ही घ्या. ही तर उघडउघड वापरणारीची चूक. आणि बाई, ही यांचीच बहीण बरं का."

ती गळत नाही हे मला दोन महिने आधीच माहीत होतं. म्हणून तर शेवटी ठेवली होती. मी बहिणीची फाईल उघडून बाईंपुढे सरकवली. त्यात माझं अक्षर: 'आजारपणात वजन नऊ किलो उतरलं, टोपी सैल झाली असेल, माप पुन्हा घ्यावं.' त्याखाली डॉक्टरांचं: 'गरज नाही.' आणि सही. तेव्हा मी भांडले नाही, गप्प बसले. ते माझं मला जन्मभर पुरेल.

बाईंनी फाईलचं शेवटचं पान उघडून डॉक्टरांकडे फिरवलं. "आधीची खूण खोडा. आता नवी कुठे करणार?"

"चौकोन दोनच आहेत," ते पुटपुटले.

"मग तिसरा काढा. पुढे लिहा, डॉक्टरची चूक."

त्यांनी चौकोन काढला. वाकडा आला. लिहिताना ओली बाही शाईवरून गेली आणि अक्षरं फिसकटली.

"पुन्हा लिहा, सर," मी नवा कागद पुढे केला. "जरा ठळक. तिच्या सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."